घराचं टॅक्स क्रेडिट आणि टॅक्स रिफंड: अमेरिकेतल्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून काय दाखवायचं आणि काय नाही

राज्याकडून १०९९-जी, म्हणजे राज्याने दिलेल्या कर-रिफंडाची नोंद असलेला फॉर्म, आला की आपल्या लोकांकडून दोन चुका हमखास होतात. काही जण त्यावरचा आकडा जसाच्या तसा उत्पन्नात घालून मोकळे होतात आणि न लागणारा कर भरतात. काही जण "रिफंड म्हणजे आपलेच पैसे, त्यावर कसला कर" असं म्हणत तो कागद फायलीत सारतात, आणि पुढे कधीतरी आयआरएसचं (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचं) पत्र दारात येतं. घर घेतलेल्यांचा घोळ आणखी निराळा. क्रेडिट (थेट करातून कमी होणारी रक्कम), वजावट (करपात्र उत्पन्नातून कमी होणारी रक्कम), अनुदान आणि किमतीतली सूट या चारही गोष्टींना आपण सरसकट "घरावरची टॅक्स सवलत" म्हणतो. त्यामुळे एकीचा नियम दुसरीला लागतो आणि सगळं रिटर्न वाकडं होतं.

न्यू जर्सीत ओळखीच्या मराठी घरांमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून ही रिटर्नं तपासताना जे वारंवार दिसलं, ते इथे क्रमाने मांडतो. सगळा हिशेब २०२५ सालच्या, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचा आहे.

एक सूत्र आधी पक्कं करा. पूर्वी एखाद्या रकमेची वजावट घेऊन तुम्ही करपात्र उत्पन्न कमी केलं असेल आणि तीच रक्कम परत आली, तरच ती उत्पन्न ठरते. तीही जेवढा फायदा झाला होता तेवढीच. बाकी सगळा तपशील यातूनच निघतो.

## टप्पा १: आधी कागद जमवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे सगळं टेबलावर हवं:

१. २०२४ चं संपूर्ण फेडरल रिटर्न. नुसती पहिली दोन पानं पुरत नाहीत. शेड्युल ए (एकेक वजावट मांडायचं पान) असेल तर ते हवंच.
२. राज्याचा १०९९-जी. बरीच राज्यं आता हा कागद पोस्टाने पाठवत नाहीत, त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो. पोस्टाने आला नाही म्हणजे रिफंड नोंदलेला नाही, असं समजू नका.
३. बँकांचे १०९९-आयएनटी (मिळालेल्या व्याजाची नोंद). फेडरल रिफंडाला उशीर झाला असेल तर आयआरएसकडून आलेलाही.
४. कर्ज देणाऱ्या संस्थेचा १०९८ (घरकर्जावर भरलेल्या व्याजाची नोंद).
५. घर नवीन असेल तर क्लोजिंगचे (खरेदी पूर्ण होतानाचे) कागद आणि मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट (टप्पा ५ बघा) मिळालं असेल तर ते.
६. भारतात एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं), भाडं किंवा मालमत्तेची विक्री असेल तर फॉर्म २६एएस (कापलेल्या कराची नोंद), कलम १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून भारतीय आयकर खात्याने पाठवलेली) आणि खात्याचा उतारा.

तपासा: १०९९-जीच्या तिसऱ्या चौकटीत करवर्ष लिहिलेलं असतं. रिफंड २०२५ मध्ये हातात आला तरी तो कुठल्या वर्षाच्या कराचा आहे हे तिथे कळतं. राज्याचं रिटर्न उशिरा भरलं असेल तर ते वर्ष २०२३ ही असू शकतं. अशा वेळी शेजारी २०२३ चं रिटर्न घ्यायचं, २०२४ चं नाही. ही एक चौकट न बघितल्यामुळे पुढचा सगळा हिशेब चुकलेला मी पाहिला आहे.

## टप्पा २: फेडरल रिफंड बाजूला काढा

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे. फेडरल आयकराची वजावट फेडरल रिटर्नमध्ये मिळतच नाही, म्हणून त्याचा रिफंड कधीही उत्पन्न होत नाही. कितीही मोठा असो, कुठेही लिहायचा नाही.

व्याजाचं मात्र तसं नाही. रिटर्न भरायची शेवटची तारीख किंवा तुम्ही ते प्रत्यक्ष भरल्याची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून ४५ दिवसांत रिफंड आला नाही, तर आयआरएस व्याज देतं. हे व्याज बँकेच्या व्याजासारखंच पूर्ण करपात्र आहे. १० डॉलर किंवा जास्त असेल तर १०९९-आयएनटी येतो. त्याहून कमी असलं तरी दाखवायचं असतंच.

सावधान: रिफंड आणि व्याज खात्यात बहुधा एकाच रकमेत जमा होतं. रिटर्नवरच्या आकड्यापेक्षा जमा रक्कम थोडी जास्त दिसली, तर वरचे डॉलर व्याजाचे आहेत का ते बघा.

## टप्पा ३: राज्याचा रिफंड

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे सावकाश चला. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा पगारावर आयकर नसलेल्या राज्यांत २०२४ काढलं असेल तर हा टप्पा सोडून द्या. बाकीच्यांनी खालचे प्रश्न याच क्रमाने स्वतःला विचारायचे. "रिफंड करपात्र नाही" असं उत्तर आलं की तिथेच थांबायचं.

पहिला प्रश्न: २०२४ मध्ये तुम्ही आयटमाइज केलं होतं का, म्हणजे शेड्युल एवर एकेक वजावट मांडली होती का? २०२४ च्या १०४० ची (मुख्य रिटर्न फॉर्मची) १२वी ओळ बघा. जोडीने भरणाऱ्यांचा तिथे २९,२०० किंवा एकट्याचा १४,६०० असा आकडा असेल तर तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेतलं होतं. मग राज्याचा रिफंड उत्पन्न नाही, एक डॉलरही नाही. पासष्टी ओलांडलेल्यांचा आकडा यापेक्षा थोडा मोठा असतो. तो बघून आयटमाइज केलं होतं असं समजू नका. शेड्युल ए जोडलेलं आहे का, तेच बघा.

दुसरा प्रश्न: शेड्युल एवर राज्याच्या आयकराची वजावट घेतली होती, की सेल्स टॅक्सची? ५ए ओळीशेजारची चौकट बघा. सेल्स टॅक्सची घेतली असेल तर आयकराचा रिफंड करपात्र नाही.

तिसरा प्रश्न: त्या वजावटीचा खरोखर किती फायदा झाला? यात दोन चाळण्या लावायच्या. दोन्हींतून जे आकडे येतील त्यांतला लहान आकडा, आणि तोही रिफंडापेक्षा जास्त नाही, एवढंच तुमचं उत्पन्न.

पहिली चाळणी १०,००० डॉलरच्या मर्यादेची. २०२४ मध्ये राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून जास्तीत जास्त १०,००० चीच वजावट मिळत होती. वेगळं रिटर्न भरणाऱ्या नवराबायकोला प्रत्येकी ५,०००. ५डी ओळीवर भरलेल्या करांची खरी बेरीज असते आणि ५ई वर मर्यादा लावलेली. ५डी मधून रिफंड वजा करा. उरलेला आकडा १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रिफंड करपात्र नाही, कारण तो कर तुम्ही भरलाच नसता तरी वजावट तेवढीच मिळाली असती.

दुसरी चाळणी स्टँडर्ड डिडक्शनची. शेड्युल एची १७वी ओळ, म्हणजे एकूण वजावट, तुमच्या स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा किती जास्त होती? त्या फरकापलीकडे फायदा झालेलाच नाही.

जोडीने रिटर्न भरणारी तीन घरं घेऊ. तिघांनाही २०२५ मध्ये १,५०० डॉलर रिफंड आला.

पहिल्या घराची ५डी ओळ १६,४००: राज्याचा आयकर ६,००० आणि प्रॉपर्टी टॅक्स १०,४००. रिफंड वजा करून उरले १४,९००. म्हणजे अजून १०,००० च्या वरच. करपात्र शून्य. न्यू जर्सीत स्वतःचं घर असलेल्या बहुतेकांचं चित्र असंच असतं, आणि हेच लोक पूर्ण १,५०० उत्पन्नात घालून बसतात.

दुसऱ्या घराची ५डी १०,८००. रिफंड वजा करून ९,३००. वजावट १०,००० वरून ९,३०० वर आली असती, फरक ७००. त्यांची एकूण वजावट ३३,००० होती, म्हणजे स्टँडर्डपेक्षा ३,८०० जास्त. लहान आकडा ७००. उत्पन्न ७००.

तिसऱ्या घराची ५डी ९,५००, मर्यादेच्या आत. पहिल्या चाळणीतून पूर्ण १,५०० खाली येतात. पण एकूण वजावट ३०,०००, स्टँडर्ड २९,२००, फरक ८००. उत्पन्न ८००.

रिफंड तिघांचा सारखाच, पण उत्तरं ०, ७०० आणि ८००. "अमक्याने तर भरला नाही" हे ऐकून स्वतःचा आकडा ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. शेड्युल ए आणि १०९९-जी शेजारी शेजारी ठेवा, पेन्सिलीने वरच्या चार ओळींवर खुणा करा आणि वजाबाकी कागदावर करा. मग शेड्युल वनच्या (१०४० ला जोडायच्या इतर उत्पन्नाच्या पानाच्या) सूचनांमधल्या वर्कशीटवर ताळा घ्या. अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स (वेगळ्या हिशेबाने लागणारा किमान कर) लागला असेल किंवा क्रेडिटं वापरायला कर पुरला नसेल, तर हे वर्कशीट पुरत नाही. आयआरएसच्या प्रकाशन ५२५ मधला मोठा हिशेब करावा लागतो.

सावधान: रिफंड हातात न घेता पुढच्या वर्षीच्या करात वळवला असेल, तरी तो मिळाल्यासारखाच धरतात. "माझ्या खात्यात तर काहीच आलं नाही" हे कारण चालत नाही.

सावधान, सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांसाठी: नव्या सॉफ्टवेअरला तुमचं २०२४ चं शेड्युल ए माहीत नसतं. १०९९-जीचा आकडा टाकलात आणि मागच्या वर्षीचे प्रश्न "नंतर बघू" म्हणून वगळलेत, तर पूर्ण रिफंड करपात्र धरला जाऊ शकतो. त्या पडद्यावरचे प्रश्न कंटाळवाणे आहेत, पण एकही सोडू नका.

आता पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट आजच लिहून ठेवा. २०२५ साठी ही मर्यादा १०,००० वरून ४०,००० झाली आहे. फार मोठं उत्पन्न असलेल्यांना ती कमी होत जाते. वरचं पहिलंच घर घ्या. तेच १६,४०० कर आणि कर्जाचं व्याज, देणग्या मिळून २०,५०० धरले, तर एकूण वजावट ३६,९००. २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन जोडीला ३१,५००. म्हणजे २०२५ च्या कराचा रिफंड २०२६ मध्ये आला की तो पूर्ण १,५०० करपात्र होईल. इतकी वर्षं ज्यांना "आपल्याला लागत नाही" याची सवय झाली, तेच २०२६ च्या रिटर्नमध्ये फसतील.

## टप्पा ४: अमेरिकेतलं पहिलं वर्ष असेल तर

आपल्या मुलामुलींसाठी हा टप्पा स्वतंत्र लिहावा लागतो.

समजा तुम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये एच-वन-बीवर आलात आणि २०२४ साठी नॉन-रेसिडंट म्हणून १०४०-एनआर भरलंत. त्या रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, म्हणून पगारातून कापलेल्या राज्य कराची वजावट घेतली जाते. २०२५ मध्ये त्याचा रिफंड आला, की वरची दुसरी चाळणी तुम्हाला लागूच होत नाही. मर्यादेच्या आत असाल तर आलेला सगळा रिफंड उत्पन्न. २०२५ मध्ये तुम्ही रेसिडंट म्हणून साधं १०४० भरता आणि स्टँडर्ड डिडक्शन घेता, म्हणून हे लक्षातच येत नाही. बघायचं असतं ते मागच्या वर्षी काय केलं होतं ते.

एफ-वनवरच्या भारतीय विद्यार्थ्यांचं वेगळं आहे. भारत-अमेरिका करारातल्या २१व्या कलमामुळे त्यांना नॉन-रेसिडंट असतानाही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. ते घेतलं असेल तर राज्याचा रिफंड करपात्र नाही. इतर देशांतून आलेल्या बहुतेक वर्गमित्रांना ही सोय नसते. त्यांच्या रिटर्नची नक्कल करू नका.

तपासा: मागच्या वर्षीचा फॉर्म १०४० होता की १०४०-एनआर? पानाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं.

## टप्पा ५: घरामुळे मिळालेली रक्कम नेमकी कुठल्या जातीची

प्रथम घर घेणाऱ्यांचं फेडरल क्रेडिट. आज असं क्रेडिट अस्तित्वात नाही. १५,००० डॉलरच्या क्रेडिटचं विधेयक २०२१ मध्ये आलं होतं, ते मंजूर झालं नाही. कुणी ते मिळवून देतो म्हणाला तर त्याच्याकडून रिटर्न भरून घेऊ नका. ९ एप्रिल ते ३१ डिसेंबर २००८ या काळात घर घेतलेल्यांना ७,५०० पर्यंत जे मिळालं, ते उत्पन्न नव्हतं. बिनव्याजी कर्ज होतं. पूर्ण ७,५०० घेतलेल्यांना दरवर्षी ५०० प्रमाणे २०१० ते २०२४ या पंधरा करवर्षांत ते फेडायचं होतं. मधला एखादा हप्ता राहिला आहे का, एवढं जुन्या रिटर्नांत बघून घ्या. २००९ आणि २०१० मधलं ८,००० चं क्रेडिट, घर ३६ महिने मुख्य निवास म्हणून ठेवलं असेल तर परत करायचं नव्हतं. तेही उत्पन्न नव्हतंच.

मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट. हे राज्य किंवा स्थानिक गृहनिर्माण संस्था देते आणि फॉर्म ८३९६ वर दरवर्षी वापरतात. क्रेडिट उत्पन्न नाही. पण जेवढं क्रेडिट, तेवढी शेड्युल एवरची व्याजाची वजावट कमी करायची असते. समजा व्याज १६,००० आणि सर्टिफिकेटचा दर ३० टक्के. गुणाकार ४,८०० येतो, पण दर २० टक्क्यांच्या वर असल्याने वर्षाला २,००० चीच मर्यादा. मग शेड्युल एवर व्याज १४,००० लिहायचं. सोळाच्या सोळा हजार लिहिणं ही या फॉर्मची नेहमीची चूक. दुसरी गोष्ट, घर नऊ वर्षांच्या आत नफ्यात विकलं तर फायद्याचा काही भाग फॉर्म ८८२८ ने परत करावा लागू शकतो, म्हणून सर्टिफिकेट घराच्या कागदांतच ठेवा.

एजंटाने कमिशनमधून परत दिलेले पैसे. ही किमतीतली सूट धरतात. उत्पन्नात नाही, घराची खरेदी किंमत तेवढी कमी लिहून ठेवायची, विकताना लागते.

प्रॉपर्टी टॅक्स परत आला तर. त्याच वर्षाचा असेल तर तेवढी वजावट कमी घ्या. आधीच्या वर्षाचा असेल आणि त्या वर्षी आयटमाइज केलं असेल, तर टप्पा ३ मधल्या चाळण्या लावा. जे उरेल ते शेड्युल वनच्या ८झेड ओळीवर. न्यू जर्सीच्या अँकर या प्रॉपर्टी टॅक्स सवलत योजनेचा १,५०० किंवा १,००० चा धनादेशही याच रांगेतला. राज्य त्यावर कर लावत नाही, फेडरलला मात्र चाळणी लावून बघावी लागते. १०९८ च्या चौथ्या चौकटीत परत मिळालेलं व्याज दिसलं तर त्यालाही हाच न्याय.

## टप्पा ६: भारतातून आलेला रिफंड

इथे जवळपास सगळे चुकतात, आणि चूक रकमेने मोठी असते.

एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक साधारण ३१.२ टक्के टीडीएस कापते. अमेरिकेत आपण ते व्याज दाखवतो आणि फॉर्म १११६ वर भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट घेतो. पुढे भारतात रिटर्न भरलं की त्यातला मोठा भाग परत येतो. हा रिफंड अमेरिकेत उत्पन्न नाही. पण ज्या कराचं क्रेडिट घेतलं होतं, तो कर तुम्ही भरलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. म्हणून ज्या वर्षी क्रेडिट घेतलं त्या वर्षाचं रिटर्न १०४०-एक्सने दुरुस्त करून क्रेडिट कमी करायचं. रुपयांचे डॉलर करताना मूळ कर मोजताना जो दर धरला होता तोच धरायचा.

हा व्याप टाळायचा सरळ मार्ग क्रमात आहे. आधी भारतातला अंतिम कर किती होणार ते काढा आणि तेवढ्याचंच क्रेडिट घ्या. परत मिळणार हे माहीत असलेल्या टीडीएसवर क्रेडिट मुळात मिळतच नाही. करारानुसार बँकेच्या व्याजावर भारताला साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतच कर घेता येतो, हेही हिशेबात धरा.

रिफंडासोबत भारतीय आयकर खातं महिन्याला अर्धा टक्का दराने व्याज देतं. ते भारतातही करपात्र आणि अमेरिकेतही. एनआरओ खात्याच्या उताऱ्यात एकच जमा नोंद दिसते. व्याज किती हे १४३(१) च्या सूचनेत "२४४ए" शेजारच्या ओळीत सापडतं. तो आकडा डॉलरमध्ये करून शेड्युल बीवर इतर व्याजाबरोबर लिहायचा. माझ्या स्वतःच्या एका वर्षाच्या रिटर्नमध्ये हे राहून गेलं होतं. रक्कम छोटी होती, पण दुरुस्तीचं रिटर्न भरावं लागलंच.

तपासा: भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. एकच भारतीय रिफंड दोन अमेरिकी रिटर्नांना लागू शकतो. टीडीएस कुठल्या महिन्यात कापला ते २६एएसमध्ये बघून विभागणी करा.

## टप्पा ७: नोंद आणि जुन्या चुकांची दुरुस्ती

राज्याच्या रिफंडाचा करपात्र भाग शेड्युल वनच्या पहिल्या ओळीवर जातो, व्याज १०४० च्या व्याजाच्या ओळीवर. करपात्र भाग शून्य आला तर ती ओळ कोरी, पण वर्कशीटची प्रत फायलीत ठेवा. आयआरएसला १०९९-जीची प्रत गेलेली असते, विचारणा झाली तर हेच पान दाखवायचं असतं. फेडरलला दाखवलेला राज्याचा रिफंड राज्याच्या रिटर्नमध्ये बहुतेक ठिकाणी वजा करता येतो किंवा तिथे मोजलाच जात नाही. ती ओळ रिकामी सोडली तर त्याच पैशावर राज्यालाही कर जातो.

मागच्या वर्षांत रिफंड विनाकारण उत्पन्नात घातला असेल, तर रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या किंवा कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर, १०४०-एक्स भरून जादा कर परत मागता येतो. मुदतीआधी भरलेलं रिटर्न शेवटच्या तारखेलाच भरलं असं धरतात. २०२२ चं रिटर्न वाढीव मुदत न घेता भरलेल्यांची तारीख १५ एप्रिल २०२६. आज सुरुवात त्या वर्षाच्या १०९९-जीपासून करा, कारण सगळ्यात आधी तीच खिडकी बंद होते.